रावजी फिटरचं ओव्हरहॉलिंग

वरकुट्यात कुणाची पाण्याची मोटार जळाली, पिठाची गिरणी घरघरायला लागली किंवा कडबाकुट्टी मध्येच अडली, की माणूस आधी रावजींच्या दारात येतो आणि मग देवाला नारळ बोलतो. साखर कारखान्यात एकतीस वर्षं मिलवर फिटर म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गावात नाव रावजी फिटरच. स्वभावाने गोड, पण मशीनचा विषय निघाला की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाही.

त्यांच्या सगळ्या बोलण्याचं सार दोन गोष्टींत होतं. पहिली, ओव्हरहॉलिंग. हंगाम सुरू व्हायच्या आधी मिल पूर्ण खोलायची, पुसायची, जुनं काढून नवं घालायचं आणि मगच उसाची पहिली मोळी टाकायची. "मशीन चालतीया म्हणून तिच्यावर भरवसा ठेवणारा फिटर न्हवं, जुगारी," असं ते म्हणत.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची. जो मशीन खोलेल त्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला तिच्या स्विचला अडकवायचा. बिल्ला लटकतोय तोवर दुसऱ्याने बटणाला हात लावायचा नाही, आणि कुणाचा हात लागलाय ते सगळ्या खात्याला कळतं. या बिल्ल्याच्या पाठोपाठ माऊलीची गोष्ट यायचीच. माऊली नावाचा एक हेल्पर होता. त्याने एकदा तेलाच्या लाइनचा व्हॉल्व्ह फिरवला, बिल्ला अडकवला नाही, आणि विसरून गेला. मिल तापून बसली. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा गडी "मी न्हाय" म्हणाला. सहा तास गाळप बंद. उसाच्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सापडला तेव्हा म्हणतो कसा, "भ्याव वाटलं, मिस्त्री." त्यावर रावजी म्हणाले होते, "चूक केली आसतीस तर मी तुझ्या बाजूनं हुबा ऱ्हायलो आसतो. त्वांड मिटलंस. आता मी तुझा न्हाय." दुसऱ्या दिवशी माऊली कामावरून गेला. गोष्ट इथे संपायची आणि रावजी चहाचा घोट घ्यायचे. त्यांच्या सुनेला, राजलक्ष्मीला, ती इतकी पाठ होती की घोट कधी येणार हेही ठाऊक होतं.

राजलक्ष्मी लोणी भापकरची. बीएस्सी झालेली, लग्नाआधी बारामतीत दोन वर्षं नोकरी केलेली. मग लग्न झालं, मग मुलगी झाली, संस्कृती, आणि नोकरी जी मागे राहिली ती सहा वर्षं. नवरा सौरभ बारामतीच्या एमआयडीसीत, शिफ्टचा माणूस. आता पुण्याच्या एका कंपनीत विम्याचे दावे तपासायचं, घरी बसून करायचं काम निघालं होतं. दोन चाळण्यांतून पार होऊन ती शेवटच्या परीक्षेला आली होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कॅमेऱ्यासमोर, घरातूनच. हुकली तर पुन्हा अर्ज वर्षभराने, आणि वर्षभराने वयाची अट तिला बाद करणार होती. म्हणजे ही एकच परीक्षा.

रावजींच्या बायकोला, जयवंताबाईंना, हे पटलेलं नव्हतं. "घरात बसून कसली आलीया नोकरी? उद्या म्हणंल, चूल पन त्येच्यावरच पेटतीया." त्यावर रावजी सहसा न चढणारा आवाज चढवून म्हणाले होते, "पोरीचं डोकं गंजाया लागलंय. मशीन आन माणूस, वापरलं न्हाय की गंजतंच. ती परीक्षा देणार, आन मी जबाबदार हाय." राजलक्ष्मी दाराआडून ऐकत होती. त्या दिवशी तिने मामांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, न सांगता आल्याचा चहा केला.

सोमवारी दुपारी ती संस्कृतीला लोणी भापकरला आजोळी सोडायला गेली. परीक्षेच्या वेळी घरात चिटपाखरूही बोलू नये, असा कंपनीचा नियम. जयवंताबाई शेतात. घरात रावजी एकटे, आणि समोर टेबलावर लॅपटॉप.

लॅपटॉपवर कुस्त्या बघायची त्यांची रोजची दुपारची सवय होती, सुनेनेच लावून दिलेली. पण त्या दिवशी कुस्ती बघताना कोपऱ्यात एक पाटी वर आली. अपडेट आहेत, करायचे का? राजलक्ष्मी ही पाटी आली की "नंतर" दाबून मोकळी व्हायची. रावजींना ते कधीच आवडलं नव्हतं. किती महिन्यांचं तुंबलंय कुणास ठाऊक! उद्या हंगाम सुरू होतोय आणि मशीन तशीच?

त्यांनी चष्मा पुसला आणि दाबलं. एक यादी आली. तिच्याखाली आणखी एक यादी, वर लिहिलेलं, "ऐच्छिक". त्यात वायरलेसचा ड्रायव्हर की काय ते होतं, पुढे रिकामी चौकट. रावजींना हसू आलं. ओव्हरहॉलिंगमध्ये ऐच्छिक काय असतं? हे बेअरिंग बघायचं, ते राहू दे, असं म्हणणाऱ्या फिटरला त्यांनी मिलच्या आसपास फिरकू दिलं नसतं. त्यांनी झाडून सगळ्या चौकटींत खूण केली.

पाऊण तास मशीन गुरगुरत होती. शंभर टक्के झालं, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. रावजींनी ओल्या फडक्याने झाकण पुसलं, देवघरातून कुंकू आणलं आणि मोळी टाकायच्या आधी मिलला लावतात तसं एक बोट झाकणाच्या कोपऱ्यावर लावलं. मन कसं भरून आलं होतं. बिल्ला अडकवायची आठवण मात्र झाली नाही. अहो, घरातली मशीन, तिला कसला बिल्ला?

मंगळवारी साडेनऊला राजलक्ष्मीने लॅपटॉप उघडला. न्हालेली, केस घट्ट बांधलेले, ओळखपत्र शेजारी ठेवलेलं. कोपऱ्यातलं कुंकू बघून तिने विचारलं, "हे कुणी?"

"मी," रावजी ऐटीत म्हणाले. "हंगाम सुरू हुतोय म्हनलं."

ती हसली. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेले. जिथे वायफायची खूण असते तिथे पृथ्वीचा गोळा होता, आणि गोळ्यावर काट.

"मामा, नेट न्हाय."

नेट होतं. तिच्या मोबाईलवर होतं, जयवंताबाईंच्या मोबाईलवर होतं. भिंतीवरच्या वायफायच्या डबीचे सगळे दिवे हिरवे होते. फक्त लॅपटॉपला कुठलंच वायफाय दिसत नव्हतं. आपण काल जे केलं त्याचा आणि याचा काही संबंध असेल, असं रावजींच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथल्या तिथे दाबलं. ओव्हरहॉलिंगने कधी मशीन बिघडते का?

तिने बंद करून चालू केलं. डबी बंद करून चालू केली. विमानाची खूण असलेलं बटण दाबून बघितलं. मग इंदापूरला दानिशला फोन लावला. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याचे वडील बाबूलाल जुने रेडिओ मेकॅनिक, रावजींचे दोस्त. त्यामुळे दानिशही घरचाच.

"घाबरू नका वहिनी, सव्वा तास हाय," स्पीकरवर दानिशचा आवाज आला. "मी सांगतो तसं करा."

ती करत गेली. त्याने सांगितलेली तपासणी चालवली, तर मशीन म्हणाली, अडॅप्टर सापडला नाही. नेटवर्कचं सगळं पुसून नव्याने मांडलं, त्यात पाच मिनिटं गेली, पुन्हा चालू व्हायला चार. तोच गोळा, तीच काट. सगळ्या भागांची यादी उघडली. त्यात कॅमेरा होता, स्पीकर होता, वायरलेसचं नावच नव्हतं.

"दादा, मोबाईल वायरीनं जोडला तर?" तिने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "पन न्हाय चालत. त्यांचा नियम हाय, चार्जर सोडून कुठलीच वायर दिसली तर परीक्षा उघडत न्हाय. आन दुसरा लॅपटॉप पन चालत न्हाय. काल सकाळी त्यांनी ह्याचीच तपासणी करून घेतलीया."

"काल सकाळी चालत व्हता?"

"चांगला चालत व्हता."

फोनवर दानिशला शंका आली. "वहिनी, मग मधी काय झालं? काल कुणी अपडेट-बिपडेट मारलंय का? मारलं आसंल तर सोपं हाय. हितनंच जुना ड्रायव्हर परत आणू, धा-पंधरा मिनिटांचं काम."

"मी न्हाय मारलं," राजलक्ष्मी म्हणाली. मग तिने मान वळवली. "मामा, तुमी काल कुस्त्या बघत व्हता ना? काय दाबलंबिबलं का?"

आता सांगायला काय हरकत होती? दहा-पंधरा मिनिटांचं काम, तो पोरगा स्वतः म्हणतोय. पण दारात जयवंताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराला हात पुसत. समोर ही पोर, जिच्यासाठी आपण छाती ठोकून जबाबदार म्हणालो. आणि आपण कोण, तर रावजी फिटर. गावातली मशीन दुरुस्त करणारा माणूस, घरातली मशीन बिघडवणारा नव्हे. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि जिभेने आपल्या मनानेच उत्तर देऊन टाकलं.

"न्हाय. कुस्ती बघितली आन झाकून ठिवला."

"नक्की?"

"न्हाय म्हनलं की."

आवाज जरा जास्तच चढला. राजलक्ष्मीने पुन्हा पडद्याकडे मान फिरवली. मामा खोटं बोलतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

"मग वायफायचं कार्डच ढिलं झालंय नाय तर मेलंय," दानिश म्हणाला. "खोलूनच बघावं लागंल. या घिऊन. आतली खोली मोकळी करून ठिवतो, परीक्षा हितंच द्या. अकराच्या आत करू कायतरी."

दहा वाजून वीस मिनिटांनी ते निघाले. रावजी मोटरसायकलवर पुढे, राजलक्ष्मी मागे, लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. पण हंगाम लागला होता. इंदापूरच्या रस्त्याला लागले आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्याच्या पुढे आणखी एक. समोरून एसटी, तिच्यामागे बैलगाड्या. रावजींचा जन्म या गाड्यांची वाट बघण्यात गेला होता. गाड्या वेळेवर आल्या नाहीत तर ते कासावीस व्हायचे. आज त्यांनी पहिल्यांदा उसाला शिव्या घातल्या.

"मामा, किती वाजलं?" मागून ती विचारायची. घड्याळ तिच्याच हातात होतं.

सांगावं का? गाडी बाजूला घ्यावी, म्हणावं, पोरी, मी दाबलं काल. ती इथूनच दानिशला फोन लावेल. शब्द ओठांपर्यंत आले. पण आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या: एक दाबलं ते, आणि दुसरं न्हाय म्हणालो ते. पहिली सांगायला जेवढी हिंमत लागली असती, दुसरीला त्याच्या दुप्पट लागत होती. तो दानिश हुशार आहे, आपोआप सापडेल त्याला, असं म्हणून रावजी मूग गिळून गाडी चालवत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ट्रॉलीमागे बसलेला ऊसतोडीचा गडी सहज त्यांच्याकडे बघत होता, तरी त्यांना वाटलं, याला कळलंय.

अकराला चार मिनिटं असताना ते दुकानात पोचले. दानिशने आतल्या खोलीतला पंखा लावून, खुर्ची पुसून तयारी ठेवली होती. "पंधरा मिनिटं उशीर चालतोय ना वहिनी?"

"सव्वा अकराला दार बंद."

त्याने लॅपटॉप उपडा केला आणि बारीक स्क्रू काढायला घेतले. दहा स्क्रू. एकेक स्क्रू तो चुंबकाच्या ताटलीत ठेवत होता. राजलक्ष्मी हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती, ओठ हलत होते. काय पुटपुटत होती कुणास ठाऊक, पाठ केलेलं काही असेल नाही तर देवाचं नाव.

मागचं झाकण निघालं. आतली मशीन दिसली. स्वच्छ, नेटकी, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. दानिशने इवलंसं कार्ड दाबून बघितलं, त्याच्या दोन तारा काढून पुन्हा बसवल्या. "हे तर घट्ट हाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग ते काढून उजेडात धरलं. "दुसरं कार्ड लावून बघू," म्हणून खण धुंडाळायला लागला.

एकतीस वर्षांत रावजींना एक गोष्ट कधी बघवली नव्हती: धडधाकट मशीन उगाच खोललेली. दोष एकीकडे आणि पाना दुसरीकडे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

"दानिश, थांब," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "कार्डाला काय झालं न्हाय. काल दुपारी मी अपडेट मारलं. सगळं. त्ये ऐच्छिक पन."

दानिशचा हात खणातच राहिला. त्याने रावजींकडे बघितलं, मग वहिनींकडे. भराभर कार्ड बसवलं, झाकण नुसतं टेकवलं, एकही स्क्रू न लावता मशीन सुलटी करून चालू केली. राजलक्ष्मीने सासऱ्यांकडे बघितलंच नाही. ती खुर्चीत जाऊन बसली, ओळखपत्र समोर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

दानिशची बोटं चालत होती. कालचं अपडेट सापडलं, तारीख-वेळेसकट, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ते काढलं. मशीन म्हणाली, पुन्हा चालू करावी लागेल. गोल गोल ठिपके फिरायला लागले. तिघंही त्या ठिपक्यांकडे बघत होते. बाहेर स्टँडवर कंडक्टर बारामती, बारामती असं ओरडत होता. रावजींना त्या ठिपक्यांना हाताने धक्का मारावासा वाटत होता. मिल असती तर खांदा लावला असता, तेल घातलं असतं, चार गडी बोलावले असते. इथे हात लावायला जागाच नव्हती.

पडदा उजळला. गोळा गेला, आणि त्याच्या जागी वायफायची खूण आली, जशी काही कुठे गेलीच नव्हती. दानिशने पासवर्ड घातला, राजलक्ष्मीने परीक्षेचं पान उघडलं. अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. पानावर एक वाक्य होतं. प्रवेशाची वेळ संपली आहे.

तिने पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उघडलं. मग दिलेल्या नंबरला फोन लावला. तिथे एका बाईचा गोड, ध्वनिमुद्रित आवाज सांगत होता, तक्रार असेल तर लिहून कळवा. राजलक्ष्मीने लिहिलं. दुकानातून निघायच्या आधी उत्तरही आलं, तेही मशीननेच पाठवलेलं. तांत्रिक अडचणींची जबाबदारी उमेदवाराची असते.

वरातीमागून घोडं आणलं, की घोड्याचा काही उपयोग नसतो. दानिशने दहाही स्क्रू नीट लावून लॅपटॉप परत दिला. रावजींनी खिशात हात घातला, तर म्हणाला, "राहू द्या आबा." इतक्या हळू आवाजात बाबूलालचा पोरगा त्यांच्याशी कधी बोलला नव्हता.

परतीच्या वाटेवर एकही ट्रॉली आडवी आली नाही. वीस मिनिटांत घर आलं. राजलक्ष्मीने मागून ओरडावं, दोन शिव्या द्याव्यात, पिशवी रस्त्यावर आपटावी, असं रावजींना वाटत होतं. ती पिशवी तशीच पोटाशी धरून बसली होती.

जयवंताबाई दारातच होत्या. "झाली का गं परीक्षा?"

"न्हाय, आत्या. मशीनच ऐन वक्ताला आडली."

"आगं बया! पन कुनाच्या चुकीनं?"

"कुनाच्या न्हाय. मशीन हाय, आडती."

ती सासऱ्यांना पाठीशी घालत होती. रावजींना ते सहन झालं नाही. मोटरसायकल स्टँडवर न लावताच ते म्हणाले, "मशीन आडली न्हाय. मी बिघडीवली. आन सकाळी इचारलं तवा न्हाय म्हनलो."

जयवंताबाईंच्या तोंडून आता काय काय निघेल म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण बाईंनी सुनेच्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन टेबलावर ठेवली आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. परीक्षा होईल म्हणून त्यांनी गोडाचा शिरा केला होता, हे रावजींना वासावरून कळलं.

राजलक्ष्मी पायरीवर बसली. रावजी तिच्यासमोर उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"भ्याव वाटलं गं," ते म्हणाले.

म्हणाले आणि त्यांच्याच कानांना ते शब्द ओळखीचे वाटले. राजलक्ष्मीने वर बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. डोळे लाल होते, पण आवाज साधाच, काहीतरी खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखा.

"मामा, त्या माऊलीचं पुढं काय झालं?"

रावजी आठवायला लागले. कुठल्या गावचा होता? लग्न झालेलं होतं का? कामावरून गेला म्हणजे कुठे गेला? तीस वर्षं ही गोष्ट त्यांनी शेकडो माणसांना सांगितली, आणि चहाच्या घोटापुढे ती कुणीच नेली नव्हती. त्यांनी स्वतःसुद्धा.

"ठाऊक न्हाय," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून तिने लोणी भापकरला फोन लावला. संस्कृतीला उद्या नको, आजच घ्यायला येते, म्हणून सांगितलं. तिकडून आईने काहीतरी विचारलं असावं. "न्हाय गं, आता शांततेची गरज न्हाय," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि चप्पल शोधायला लागली.